साडेचार बोटं

आक्काताई चौगुले भांडायलाच आल्या होत्या. भांडायला आलेल्या बाईला आधी पाणी द्यावं, एवढं शहाणपण सुवर्णा मगदूम बावीस वर्षांच्या नोकरीत शिकली होती. तिनं पेला पुढं केला. आक्काताई पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि मग सुरू झाल्या.

"तुमच्या त्या मशिननं माझी सून बिघडवली बघा. आधी फिट यायची तवा तांदूळ निवडल्यागत करायची. त्याचं काय न्हाई. पण आता काय करते ठाऊक हाय? बांगड्या उतरवती! माझा लेक धडधाकट समोर बसलेला, आणि ही त्याच्या डोळ्यांदेखत बांगड्या उतरवती!"

सून सारिका कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. तिच्या डाव्या मनगटावर बांगड्यांच्या वरून घट्ट पट्टी आवळलेली होती. बांगड्या निघू नयेत म्हणून सासूबाईंनी काढलेली ती युक्ती. पट्टीखाली हात सुजून लाल झाला होता. सुवर्णानं आधी ती पट्टी कापली.

"आक्काताई, फिटमध्ये माणूस काय करतो ते त्याच्या हातात नसतं."

"मग कुणाच्या हातात असतं?" आक्काताईंनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर सुवर्णाला पुढं कळलं. आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटलं.

फिट म्हणजे तोंडाला फेस आणि हातपाय झाडणं, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण काही फिट चोरपावलांनी येतात. माणूस बसल्या जागी हरवतो, नजर गोठते, आणि हात मात्र आपलं काम करत राहतात. मिरजेच्या त्या मज्जाविकार केंद्रात टेक्निशियन म्हणून सुवर्णानं असे शेकडो हात पाहिले होते. कुणी रिकाम्या तळहातावर तंबाखू मळायचा. एक शिंपी हवेत शिलाई मशीनचं चाक फिरवायचा. एक निवृत्त तलाठी फिटमध्ये भराभरा सह्या करत, आणि त्यांचे गाववाले म्हणत, जागेपणी इतक्या केल्या असत्या तर गावाचं सोनं झालं असतं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. मुक्ता हेर्लेकर. त्या पेशंटला समजावताना शेतातल्या पाण्याचा दाखला देत. पाणी सोडलं की ते आधी खणलेल्या पाटानंच जातं. मेंदूतही तसंच आहे. फिट आली की तिथल्या लाखो पेशी एका तालात धडधडायला लागतात, आणि ती वीज जिकडं सगळ्यात खोल पाट पडलेला असेल तिकडं धावते. ज्या हातानं चाळीस वर्षं तांदूळ निवडले, तो हात फिटमध्येही तांदूळच निवडणार. माणूस आयुष्यभर काय करत आला, ते त्याची फिट सांगते.

दोन हजार छत्तीस सालच्या महापुरानंतर हे केंद्र उभं राहिलं, तेही या आजारामुळंच. पूर ओसरला, पण घाणीचं पाणी विहिरींत आणि भाजीच्या मळ्यांत मुरलं होतं. त्यातून कृमीची अंडी लोकांच्या पोटात गेली, पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत. दोन-तीन वर्षांनी कृष्णाकाठच्या गावागावांत फिट सुरू झाल्या. कांदा-लसूणही न खाणाऱ्या जैनांच्या घरात, सुवर्णाच्या स्वतःच्या सासरी, दोघांना झाल्या: तिच्या नवऱ्याला, भरतेशला, आणि तिच्या जावेला, पद्माला. मेथी धुताना पाणी कुठलं ते कोण विचारतं?

डॉक्टरांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे शमक. रुपयाच्या नाण्याएवढं ते यंत्र कानामागं कातडीखाली बसवायचं. ते मेंदूचा ताल ऐकत राहतं, फिटची चाहूल लागली की उलटा ताल देऊन तिला जागीच बसवतं. खरी कमाल पुढंच होती. सगळे शमक एकमेकांकडून शिकत. दर रविवारी प्रत्येक शमक आपला अनुभव केंद्राच्या संगणकाला कळवायचा, आणि ज्याचा ताल सगळ्यात गुणकारी ठरेल तो सगळ्यांना वाटला जायचा. चारशे बारा माणसं, त्यांत भरतेश आणि पद्माही, आणि त्यांच्या दहातल्या नऊ फिट बंद झालेल्या. उरलेली एखादी यायची, तीही अर्ध्या मिनिटाची. पुढच्या महिन्यात हाच ताल राज्यातल्या तीस हजार लोकांना मिळणार होता.

आक्काताई गेल्यावर सुवर्णानं सारिकाच्या फिटचं चित्रीकरण लावलं. उजवा हात डाव्या मनगटाशी जात होता खरा. पण बांगड्या उतरवणारी बाई हात लांब करते, तळहात आवळते. इथं तसं काही नव्हतं. इथं उजवा कोपर बरगडीला गच्च दाबलेला, काखेत काहीतरी धरून ठेवल्यासारखा. आणि बोटं मनगटावरून काहीतरी एकेक करून उचलत होती. एक. दोन. तीन. चौथ्याला बोटं घसरली, पुन्हा चाचपडली, पुन्हा घसरली. मग पाचवं. त्यानंतर हात झटकल्यासारखा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी तो तंबाखू मळणारा आला. फिट आली आणि त्यानं तंबाखू मळली नाही. त्यानं कोपर बरगडीला दाबला आणि मनगटावरून पाच वेळा काहीतरी उचललं. चौथ्याला घसरला. त्याच्या हातात बांगड्या असण्याचा प्रश्नच नव्हता.

सुवर्णानं मग महिन्याभराची सगळी चित्रीकरणं काढली. सव्वीस फिट होत्या, त्यांतल्या एकवीस जणांचे हात तेच करत होते. तलाठ्याच्या सह्या गेल्या होत्या, शिंप्याचं चाकही गेलं होतं. एकमेकांना कधी न पाहिलेली एकवीस माणसं चौथ्या वेळी एकाच जागी घसरत होती. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर वॉर्डबॉय चहासाठी हाका मारत होते, तरी तिला त्या खोलीत एकटीनं बसवेना.

रविवारी सगळे घरीच होते. मगदुमांचं घर मिरजेबाहेर मळ्यात, द्राक्षबागेला लागून. भरतेश जेवायला बसला होता, सुवर्णा वाढत होती आणि पद्मा उंबऱ्याशी पावटे सोलत होती. पद्मा म्हणजे भरतेशच्या धाकट्या भावाची, शीतलची बायको. शीतल नऊ वर्षांपूर्वी पुरात गेला. पद्मा त्यानंतर माहेरी गेली नाही. भाऊजींनी मला लेकीसारखं ठेवलंय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि ते खरंही होतं.

पावट्याची शेंग पद्माच्या हातातून गळली. तिची नजर गोठली. तिचा उजवा कोपर बरगडीला जाऊन चिकटला.

सुवर्णा भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. एक, दोन, तीन. चौथ्याला पद्माची बोटं घसरली. या वेळी सुवर्णा अगदी जवळ होती, आणि चित्रीकरणात जे दिसलं नव्हतं ते तिला दिसलं. ती बोटं घसरत होती, कारण तिथं धरायला अर्धंच काहीतरी होतं. पद्मानं पुन्हा चिमूट केली, त्या अर्ध्याला नखानं उचललं, मग पाचवं उचललं आणि हात झटकला.

ती शुद्धीवर आली, पदरानं नाक पुसलं आणि सुवर्णाला म्हणाली, "अक्का, पाण्याचा वास आला बघ. गढूळ पाण्याचा. आणि डिझेलचा."

सुवर्णानं नवऱ्याकडं पाहिलं. भरतेश पद्माच्या हाताकडं बघत होता. मग तो उठला. ताटात अर्धी भाकरी आणि वरण तसंच होतं. हा माणूस जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी पिणारा, अन्नाचा कण वाया न घालवणारा. सोळा वर्षांच्या संसारात सुवर्णानं त्याला ताटावरून असं उठताना पाहिलं नव्हतं.

शीतल अकरा वर्षांचा असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली होती. घरात त्याला सगळे साडेचार म्हणून चिडवायचे.

भरतेशनं पुराची हकिगत नऊ वर्षांत कितीतरी वेळा सांगितली होती. सुवर्णा आणि पद्मा शाळेच्या गच्चीवर होत्या. दोघे भाऊ म्हाताऱ्यांना आणायला मोटरबोट घेऊन गेले. बोट उलटली. भरतेश बाभळीच्या फांदीला अडकला. शीतल दहा हातांवरून वाहत गेला, त्याचा हात आपल्यापर्यंत पोचलाच नाही, असं तो सांगायचा, आणि प्रत्येक वेळी रडायचा. रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही.

सोमवारी केंद्रात फरीद सतारमेकर येऊन बसले होते. साठीचे, तंबोऱ्याचे कारागीर, शमक बसवल्यापासून दीड वर्षात त्यांना एकही फिट आलेली नव्हती. त्यांच्याबरोबर त्यांची सहा वर्षांची नात होती, हाताला प्लास्टर घातलेली.

"मंडईच्या पायऱ्या उतरत होतो," ते डॉ. हेर्लेकरांना सांगत होते. "पोरीचा पाय सरकला, तिनं माझं मनगट गच्च धरलं. आणि डॉक्टरीणबाई, मी हिची बोटं सोडवली. एकेक करून. शुद्धीत होतो मी, फिट-बिट काही नव्हती. पोर माझ्याकडं बघत होती आणि मी तिची बोटं सोडवत होतो." त्यांनी नातीकडं पाहिलं. "मला वाटलं, हिला सोडलं नाही तर ही मला बुडवणार. मंडईत, बाई. कोरड्या पायऱ्यांवर."

नात प्लास्टरवर पेनानं फुलं काढत होती. ती आजोबांच्या शेजारी बसली होती, पण त्यांचा हात तिनं धरला नव्हता.

ते गेल्यावर डॉक्टरांनी दार लावून घेतलं. सुवर्णानं आपली एकवीस चित्रीकरणं त्यांच्यासमोर ठेवली. डॉक्टरांनी ती सगळी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याला वाटलं, आपण औषध वाटतोय. पहिल्या बारा पेशंटांतल्या एकाचा ताल फार गुणकारी निघाला. क्रमांक चार. त्याची फिट एका ठरावीक पाटानं धावायची आणि तिथंच जिरायची. शमकानं तेच शिकून घेतलं, की फिट विझवायची तर तिला या पाटात सोडा. मग तो पाट त्यानं प्रत्येकाच्या डोक्यात खणला. दर रविवारी थोडा थोडा. आता तो इतका खोल झालाय की फिट नसतानाही पाणी तिकडं धावतं. कुणी मनगट धरलं की पुरे."

"म्हणजे ही आठवण त्या माणसाची आहे."

"आठवण नाही, तिचा सांगाडा. नाव नाही, चेहरा नाही. हाताची हालचाल, वास आणि भीती. एका माणसाची भीती मी चारशे जणांना टोचलीय, सुवर्णा. आणि एक तारखेला तीस हजारांना टोचणार होते."

"शमक बंद केले तर?"

"तर फिट परत येतील. शमक यायच्या आधीच्या वर्षात आपली एकोणीस माणसं गेली. कुणी चुलीत पडलं, कुणी विहिरीत. बंद करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एकच मार्ग आहे. क्रमांक चारनं शुद्धीत बसून तो प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. त्या वेळी त्याचा शमक ऐकत राहील, आणि संगणकाला कळेल की औषधाचा ताल कुठला आणि आठवणीचा कुठला. मग आठवणीचा तेवढा वगळता येईल."

"त्यानं थोडं इकडचं तिकडं सांगितलं तर?"

"रचून सांगताना मेंदू वेगळ्याच वाटेनं जातो. पडद्यावरची रेघ हलणारच नाही. खरंच सांगावं लागेल." डॉक्टरांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "नावं कुलूपबंद आहेत. समितीची परवानगी घेऊन उघडायला दोन महिने जातील. पण तारा तू लावल्या होत्यास त्या वेळी."

सुवर्णानं मान हलवली. "मी आणते त्यांना," ती म्हणाली. कोण ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलंही नाही.

भरतेश बेदाण्याच्या शेडमध्ये होता. हिरव्या जाळ्यांवर द्राक्षं थरावर थर वाळत पडली होती आणि आत गोडसर, आंबूस दमट हवा कोंडली होती. तो घड हलवून बघत होता. सुवर्णा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं फरीदभाईंच्या नातीचं सांगितलं, चारशे बारा जणांचं सांगितलं. शीतलचं नाव तिनं घेतलं नाही.

त्यानं हातातला घड जाळीवर ठेवला.

"माझ्या उजव्या काखेत फांदी होती," तो म्हणाला. "त्यानं डावं मनगट धरलं होतं. फांदी कडकडत होती. त्याचं सगळं वजन माझ्यावर, आणि पाणी त्याला ओढत होतं. तो काही बोलला नाही गं. ओरडला असता तरी बरं झालं असतं. नुसता बघत होता माझ्याकडं."

"किती वेळ?"

"मी त्याला म्हणालो, सोड. तो सोडंना. मग मी..." त्यानं हाताकडं पाहिलं. "ते अर्धं बोट निसटत होतं. दोनदा निसटलं. त्या वेळी मला थांबता आलं असतं. दोनदा संधी होती, सुवर्णा."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही.

"फांदी मोडली का नंतर?"

"नाही."

शेडच्या पत्र्यावर कावळे नाचत होते. सुवर्णा खाली बसली. "नऊ वर्षं तुम्ही तिच्या हातचं जेवताय," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगू शकत नाही. तिला काय तोंड दाखवू? तिला माझ्याशिवाय आहे कोण?"

"तिला सांगू नका. मशिनला सांगा. खोलीत फक्त डॉक्टर आणि मी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर उद्या कुठल्या तरी आईच्या हातातून तिचं पोर सुटंल. पुलावर, नाहीतर गाडीच्या दारात. आणि त्या आईला ठाऊकसुद्धा नसंल, की ती भीती तिची नव्हतीच."

त्यानं होकार दिला. पण तो होकार देताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, आणि सुवर्णाच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

गुरुवारी सकाळी ती त्याला घेऊन केंद्रात गेली. पद्माही बरोबर निघाली. "भाऊजींची तपासणी हाय आणि मी घरात बसू? माझीपण करून घेते की," ती म्हणाली, आणि नको म्हणायला कारण सापडेना.

पद्मा बाहेरच्या बाकावर बसली. आत भरतेशच्या डोक्याला तारांची टोपी चढवली. डॉक्टर समोर, सुवर्णा पडद्यापाशी. पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची चारशे बारा जणांत खणलेल्या पाटाची, खालची भरतेशची. खालची वरचीसारखी हलली की काम झालं.

भरतेश बोलायला लागला. बोट उलटली, तो म्हणाला. बाभळीची फांदी सापडली. शीतल दहा हातांवर होता. त्याचा हात माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

रेघ सपाट राहिली.

"पुन्हा सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी रडत. रेघ सपाटच. नऊ वर्षं घोकून घोकून ती हकिगत इतकी गुळगुळीत झाली होती की त्याला दुसरी येतच नव्हती. सुवर्णाच्या तोंडावर आलं होतं, अहो, शेडमध्ये सांगितलंत ते सांगा. पण ते डॉक्टरांसमोर म्हणणं म्हणजे त्याचं सगळं आपणच सांगून टाकणं, आणि तिची जीभ उचलली नाही.

दार उघडलं. पद्मा आत आली. कुणी तिला थांबवलं नाही. तिनं भरतेशसमोर स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "बाहेर ऐकू येतंय सगळं. कशाला उगं त्रास करून घेताय? मला ठाऊक हाय."

भरतेश रडायचा थांबला.

"चार महिने मी तेच करतेय न्हवं. पहिल्या दिवशीच ओळखलं मी. माझ्या नवऱ्याची बोटं मला ओळखू येणार न्हाईत व्हय? ते अर्धं बोट मी किती वेळा हातात घेतलं असंल." ती शांतपणानं बोलत होती. "आधी वाटलं, हे मला भेटायला येतात. मनगट धरतात. मी फिटची वाट बघायचे. मग एक दिवस डोक्यात उजेड पडला. मी तर त्या दिवशी गच्चीवर होते. पाण्यात न्हवते. मग हे मनगट कुणाचं?"

"पद्मा..." सुवर्णा पुढं झाली.

"थांब अक्का. मी भांडायला न्हाई आले." पद्मानं भरतेशकडं पाहिलं. "मला तुमचा राग यायला पायजे होता. लई प्रयत्न केला. पण ती भीती माझ्या अंगात येऊन गेलीय, भाऊजी. छाती फुटंल असं होतं. त्या वेळी दुसरं काई दिसतच न्हाई, नवरा न्हाई न् भाऊ न्हाई. मी असते तरी सोडवलीच असती बोटं. दर खेपेला सोडवतेच की. मग तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू? आता सांगून टाका. बाकावर बायका सांगत होत्या, पोरांचे हात सुटायला लागलेत."

मग भरतेशनं सांगितलं. काखेतली फांदी, डावं मनगट, डिझेलचा वास. सोड म्हणालो, तो सोडंना. अंगठा. पहिलं बोट. मधलं. ते निसटणारं अर्धं बोट, दोनदा. करंगळी. पद्मा समोर बसून ऐकत होती आणि मधेमधे मान हलवत होती, ओळखीची वाट दिसल्यावर हलवावी तशी. पडद्यावरची खालची रेघ उठली, वरचीसारखी वळली, आणि दोघींची एक झाली.

"मिळालं," डॉक्टर पुटपुटल्या.

खोलीत सगळ्यांचेच डोळे ओले होते. येताना रिक्षात पद्मा दोघांच्या मध्ये बसली. घरी आल्यावर तिनं भरतेशला वाढलं, आणि तो खाली मान घालून जेवला, ताट धुऊन प्यायला. सुवर्णाला वाटलं, सुटलो. जे नऊ वर्षांत कुणाला जमलं नसतं ते त्या नाण्याएवढ्या यंत्रानं केलं. दुसऱ्याचं दुःख दुसऱ्याच्या अंगात घालून दाखवलं. तिला त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

नवा ताल रविवारी सकाळी दहाला गेला. पाठवायचं बटण डॉक्टरांनी सुवर्णालाच दाबायला लावलं. पाट एका दिवसात बुजणार नव्हता, तीन रविवार लागणार होते. पहिल्या रविवारनंतर फरीदभाईंनी नातीचा हात घाबरत घाबरत धरून पाहिला. दुसऱ्यानंतर सारिकाला एक लहानशी फिट आली, आणि आक्काताईंनी आनंदानं फोन करून सांगितलं की ती तांदूळ निवडते आहे. तिसऱ्यानंतर चारशे बारांतल्या एकाचाही कोपर बरगडीला जाईना. राज्याची तारीख पुन्हा ठरली. केंद्रात पेढे वाटले गेले.

त्या तीन आठवड्यांत पद्मा हळूहळू गप्प होत गेली. सुवर्णाच्या ते लक्षात आलं होतं, पण तिनं त्याचा अर्थ वेगळा लावला. नवऱ्याचा हात आता येत नाही म्हणून असेल, असं तिला वाटलं.

तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी भरतेश शेडकडं निघाला होता. पद्मा ओसरीवर उभी होती. पायाशी कपड्यांची पिशवी होती आणि अंगावर बाहेर जायचं लुगडं. तिच्या भावाची गाडी फाटकाशी येऊन थांबली होती.

"निघालीस कुठं?" भरतेशनं विचारलं.

पद्मानं त्याच्याकडं पाहिलं. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. पद्माच्या डोळ्यांत राग होता. नऊ वर्षांचा शिळा राग नव्हता तो. आज सकाळीच कळल्यासारखा ताजा होता.

"त्या दिवशी मी मशिनपुढं बोलले ते खोटं न्हवतं, भाऊजी," ती म्हणाली. "मला तुमचं सगळं कळत होतं. परवापर्यंत थोडं थोडं कळत होतं. काल रात्रभर बसून आठवायला गेले. ती भीती कशी होती, छातीत काय व्हायचं, सगळं आठवायला गेले. काईच येईना. नुसती ह्यांची बोटं दिसतात. आणि ती उचलणारा तुमचा हात."

भरतेशचे ओठ हलले. "पद्मा, तूच म्हणाली होतीस, तू असतीस तरी..."

"म्हणाले होते व्हय?" पद्मानं पिशवी उचलली. "का म्हणाले आसंन कुणास ठाऊक."